वडगाव कुठलं?



या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा विषय शोधत बसावं लागलं नाही. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्या सरांनी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी माझं एक हर्बेरियम शीट परत केलं होतं. कुसरीची फांदी होती. दाबून, वाळवून, जाड कागदावर टाके घालून नीट बसवलेली. कूळ बरोबर होतं, नाव बरोबर होतं, तारीखही होती. ठिकाणापुढे मी एकच शब्द लिहिला होता : वडगाव.

सर म्हणाले, "वडगाव कुठलं? मावळातलं, बुद्रुक, की शेरी?"

मी सांगितलं, मावळातलं.

"मग तसं लिही ना. उद्या तू नसशील, मी नसेन. कुणाला हे झाड पुन्हा बघायचं असेल, तर त्यानं एसटी कुठली पकडायची?"

आज मला बोलायचं आहे ते या प्रश्नाबद्दल. त्यासाठी मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे, हिमालयातल्या एका काटेरी झुडपापर्यंत. त्या झुडपाची गोष्ट शेवटी आपल्या मुंबईत येऊन थांबते, म्हणून ती इथं सांगण्यात अर्थ आहे.

झुडूप हनीसकलच्या घराण्यातलं आहे. हनीसकल म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फाटकावरची मधुमालती येते. संध्याकाळी पांढरी उमलते, सकाळी गुलाबी होते, मग लाल. ती या घराण्यातली नव्हे. तिला इंग्रजीत रंगूनचा वेल म्हणतात आणि ती अर्जुन, हिरडा, बेहडा यांच्या कुळातली आहे. खऱ्या हनीसकलच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव लोनिसेरा. सोळाव्या शतकात फ्रँकफुर्टमध्ये अ‍ॅडम लोनित्सर नावाचे वैद्य होते, त्यांनी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यांच्या नावावरून लिनियसनं १७५३ मध्ये हे नाव पक्कं केलं. जगात तिच्या दीडशेहून अधिक जाती आहेत. काही वेली, बऱ्याचशा झुडपं. ओळखायची खूण सोपी : फुलं जोडीनं येतात. एकाच बारीक देठाच्या टोकावर दोन, एकमेकांना पाठ लावून बसल्यासारखी. नळीच्या तळाशी मध असतो, तो चोखायची मुलांना सवय, म्हणून इंग्रजीत हे नाव.

दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवर, शोला वनांच्या कडेला यांतल्या एक-दोन जाती रानात सापडतात. एकीचं नाव लेशेनो या फ्रेंच संग्राहकावरून पडलं आहे. भारतात या प्रजातीचं खरं घर मात्र हिमालय. तिथं ती दऱ्यांतल्या बांज ओकच्या जंगलापासून तिबेटच्या उंबरठ्यापर्यंत पसरली आहे.

तिथून ती पहिल्यांदा कुणी आणली, कुठून आणली, हे शोधायला लागलं की सरांचा प्रश्न पदोपदी समोर येतो.

१७९६ मध्ये टॉमस हार्डविक नावाचा तोफखान्यातला अधिकारी गढवालमधल्या श्रीनगरला गेला. अलकनंदेच्या काठचं हे शहर तेव्हा गढवालच्या राजाची राजधानी होतं. या प्रवासाचं वर्णन आणि वाटेत दिसलेल्या वनस्पतींची नोंद त्यानं 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये दिली, ती १७९९ मध्ये छापून आली. लोनिसेरा क्विंक्वेलोक्युलॅरिस हे नाव तिथं पहिल्यांदा छापलं गेलं. आता विचार करा. दीडशे-दोनशे वर्षं जुन्या एखाद्या शीटवर 'श्रीनगर, हिमालय' एवढंच लिहिलेलं असलं, तर ते गढवालचं की काश्मीरचं? दोन्ही ठिकाणी डोंगर, दोन्ही ठिकाणी नदी, दोन्हीकडे संग्राहक जाऊन आलेले. मध्ये शेकडो किलोमीटर. हार्डविकनं प्रवासाची हकिगत लिहून ठेवली, म्हणून त्याच्याबाबत घोळ होत नाही. सगळेच एवढं लिहीत नसत.

नॅथॅनिएल वॉलिक हा कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख. तो १८२० आणि १८२१ मध्ये नेपाळात होता. त्याला काठमांडूच्या खोऱ्याबाहेर फारसं जाता येत नव्हतं, म्हणून उंचावरच्या वनस्पती त्यानं गोसाईंथानला जाणाऱ्या यात्रेकरूंकडून मागवल्या. मला हा प्रकार मनापासून आवडतो. पायी पंढरीला निघालेल्या एखाद्या वारकऱ्याला कुणी म्हणावं, बाबा, वाटेत जे फुललेलं दिसेल ते या कागदांत घालून आण. आणि त्यानं ते खरंच आणावं. हिमालयातल्या कितीतरी वनस्पती त्या लोकांच्या हातांनी पहिल्यांदा शास्त्राच्या दारात आल्या, आणि त्यांच्यापैकी एकाचंही नाव लेबलवर नाही. ठिकाणही नाही. वॉलिकच्या शीटवर बहुधा एवढंच असतं : नेपाळ, १८२१. यात्रेकरूला कुणी विचारलं असतं, तर त्यानं कुठल्या धर्मशाळेच्या वर, कुठल्या ओढ्याच्या अलीकडे, सगळं सांगितलं असतं. ते विचारून लिहून घेतलेलं कुठं दिसत नाही. लोनिसेराच्या काही जातींची नावं वॉलिकनं दिली आहेत. त्यांच्या मूळ नमुन्यांचा पत्ता म्हणजे अख्खा देश.

पुढे हूकर आणि टॉमसन हे दोन थोर लोक आले. त्यांच्या हजारो शीटवर छापील चिठ्ठ्या आहेत : वायव्य हिमालय, समशीतोष्ण पट्टा, उंची आठ ते बारा हजार फूट. आठ ते बारा हजार! चार हजार फुटांचा पल्ला म्हणजे जवळजवळ सगळा सह्याद्री, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. त्यांच्या कामाबद्दल मला अपार आदर आहे, भारताचा वनस्पतिकोश त्यांच्याशिवाय झाला नसता. पण ती चिठ्ठी वाचताना माझा जीव खालीवर होतो.

आता ज्याच्यासाठी एवढा वळसा घेतला, त्या माणसाकडे येते.

व्हिक्तोर झाकमाँ. जन्म पॅरिसचा, १८०१ चा. स्तांदाल आणि मेरिमे या लेखकांचा मित्र. पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयानं त्याला भारतात पाठवलं, वर्षाला सहा हजार फ्रँक देऊन. कंपनी सरकारच्या मुलखात, हत्ती-तंबूंच्या लवाजम्यात हिंडणाऱ्या साहेबांच्या शेजारी ही रक्कम म्हणजे फारच ओढाताण. १८२८ च्या ऑगस्टमध्ये तो निघाला, पुढच्या मेमध्ये कलकत्त्याला उतरला. लॉर्ड बेंटिंकशी त्याचा स्नेह जुळला. दिल्लीमार्गे १८३० च्या वसंतात तो हिमालयात शिरला, यमनोत्रीकडे जाऊन आला, सिमल्याला पोचला आणि पावसाळ्याच्या तोंडाशी सतलजच्या काठानं वर निघाला. किन्नौर, तिथून स्पितीच्या बाजूला, आणि पुढे तिबेटच्या हद्दीत. वाटेत कानम गावच्या मठात चोमा द कोरोश हा हंगेरियन विद्वान तिबेटी पोथ्यांत बुडून बसला होता, त्याला तो भेटला.

मला त्या वाटेवरच्या झुडपांकडे जायचं आहे. सतलजचं खोरं आपल्याला समजायला सोपं आहे, कारण आपण पर्जन्यछायेच्या मुलखात वाढलेली माणसं आहोत. महाबळेश्वरला पाऊस कोसळतो, वाईला येईतो निम्म्याहून कमी होतो, आणि फलटणला, माणला लोक आभाळाकडे बघत बसतात. दीड-दोन दिवसांच्या पायपिटीत जंगल संपून माळ लागतो. सतलजच्या काठानं वर जाताना हेच घडतं, फक्त उंचीही वाढत जाते. खालच्या बाजूला देवदार, बांज, ओलावा. मध्ये चिलगोज्याचे पाइन. पुढे पूह ओलांडलं की पाऊस मागं राहतो. दगड, धूळ, वारा आणि निळं आभाळ.

या वाटेवर लोनिसेरा पावलापावलाला बदलते. खाली हार्डविकची ती क्विंक्वेलोक्युलॅरिस, माणसापेक्षा उंच, फुलं पांढरी उमलून पिवळी पडणारी. वरच्या जंगलांत अरुंद पानांची अंगुस्टिफोलिया. कोरड्या भागात हायपोल्यूका, पानाच्या खालच्या बाजूनं पांढुरकी. आणि जिथं झाड म्हणून काही उरत नाही, तिथं स्पायनोसा. स्पायनोसा म्हणजे काटेरी. हायपोल्यूका आणि स्पायनोसा या दोघींची शास्त्राला ओळख झाली ती झाकमाँनं या प्रवासात जमवलेल्या नमुन्यांतून.

एक प्रजाती आणि तिचे चार अवतार, एकाच नदीच्या काठी. आणि ते कळतं ते माणूस कुठं उभा होता हे लिहिलेलं असेल तरच. झाकमाँनं ते लिहिलं. तो भूगर्भशास्त्रही जाणत होता, बरोबर वायुदाबमापक घेऊन उंच्या मोजत होता, आणि रोज रात्री रोजनिशी लिहीत होता. ती रोजनिशी पुढे 'भारतातील प्रवास' या ग्रंथाचे तीन खंड व्यापते. त्यातली गावांची नावं फ्रेंच कानांनी ऐकलेली आहेत, त्यामुळे वाचताना अडखळायला होतं. कनावर म्हणजे किन्नौर हे लक्षात यायलाही क्षणभर लागतो. तरी गावामागून गाव, मुक्कामामागून मुक्काम लागतो, आणि नकाशावर बोट ठेवून त्याच्या मागोमाग जाता येतं. सरांच्या शब्दांत सांगायचं तर एसटी कुठली पकडायची ते कळतं.

ठिकाणाचा एवढा आग्रह का, असं विद्यार्थी विचारतात. आज जीपीएस आहे, दोन आकडे टाकले की झालं. जीपीएस नव्हतं तेव्हाच्या नोंदींचं मोल त्यामुळेच वाढलं आहे. एखादी जात १८३० मध्ये अमुक गावाच्या वरच्या उतारावर होती आणि आज तिथं ती नाही, पाचशे मीटर वर सरकली आहे, हे म्हणायला आधीची नोंद गावाच्या नावानिशी हवी. 'वायव्य हिमालय, आठ ते बारा हजार फूट' यावरून असं काहीच म्हणता येत नाही.

नावांचं काय झालं तेही सांगते. झाकमाँच्या वनस्पतींवर पॅरिसमध्ये कांबसेद आणि दकेन या दोघांनी काम केलं. दकेननं काटेरी झुडपाला झायलोस्टियम या प्रजातीत घातलं. या शब्दाचा अर्थ लाकूड अधिक हाड. या झुडपांचं लाकूड तसंच कठीण असतं. जर्मनीत वाल्पर्सनं ते लोनिसेरात नेलं. आज आपण जे नाव वापरतो, त्याच्यापुढे शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे झाकमाँ आणि वाल्पर्स या दोघांची नावं लागतात. एक नाव सुचवणारा, दुसरा छापणारा. लिनियसच्या आधीही या झुडपांना वेगवेगळ्या पाच-सहा प्रजातींत वाटलेलं होतं, त्यानं त्यांना एका छपराखाली आणलं, नंतरच्यांनी पुन्हा वेगळं काढलं, पुन्हा जोडलं. जुन्या शीटवर तुम्हाला एकाखाली एक चिकटवलेल्या तीन-चार चिठ्ठ्या दिसतात, प्रत्येकीवर वेगळं नाव, वेगळ्या तज्ज्ञाची सही. मूळ चिठ्ठीवरच्या ठिकाणाला मात्र कुणी हात लावत नाही. ते संग्राहकानं लिहिलं, तिथं तो उभा होता, त्याच्यावर कुणाचं मत चालत नाही.

१८३१ मध्ये झाकमाँ लाहोरला रणजितसिंहांच्या दरबारात होता आणि मग काश्मिरात. परत आल्यावर १८३२ मध्ये तो राजपुतान्यातून, माळव्यातून दक्षिणेकडे निघाला आणि औरंगाबादवरून पुण्याला आला. पावसाळा त्यानं पुण्यात काढला.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. पुण्याच्या पावसाळ्यात वनस्पती वाळवायच्या म्हणजे काय असतं हे मला ठाऊक आहे. टीपकागद रोज बदलायचे. ओले काढून चुलीजवळ, इस्त्रीखाली, नाहीतर पलंगाच्या गादीखाली घालायचे. एक दिवस चुकलं की तिसऱ्या दिवशी पानांवर पांढरी बुरशी धरते आणि फुलं काळी पडतात. झुडपाच्या पानांचं ठीक असतं, पण तेरड्यासारखं रसाळ काही दाबलं की कागदावर नुसता डाग उरतो. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस स्पितीच्या कडेला होता, जिथं फांदी दाबून ठेवली तर दुसऱ्या दिवशी वाळलेली असते, फुलाचा गुलाबी रंगही तसाच राहतो. त्याच हातांनी तो आता मुठेकाठच्या दमट हवेत कागद बदलत होता. पुण्यात तो आजारी पडला. पाऊस ओसरल्यावर घाट उतरून कोकणात आला, साष्टीच्या रानात हिंडला, आणि तिथं दुखणं बळावलं. त्याला मुंबईत आणलं. ७ डिसेंबर १८३२ ला यकृताच्या विकारानं तो गेला. वय एकतीस. मरणापूर्वी थोडे दिवस त्यानं भावाला पत्र लिहून निरोप घेतला होता.

सोनापूरच्या जुन्या दफनभूमीत त्याला पुरलं. १८८१ मध्ये त्याचे अवशेष फ्रान्सला नेले आणि आज ते पॅरिसच्या त्याच संग्रहालयात आहेत, ज्यानं त्याला इकडे पाठवलं होतं. त्याची शीटंही तिथंच आहेत. सोनापुरावरून मी कित्येकदा गेले आहे. तिथून जाताना मला एकच विचार येतो, की या माणसानं सतलजचं ते टोक पाहिलं, तिथलं काटेरी झुडूप कागदात घातलं, जपून एवढ्या लांब आणलं, आणि ते छापलेलं बघायला तो राहिला नाही. ग्रंथ पुरा व्हायला १८४४ उजाडलं.

त्याच्या नावाच्या वनस्पती पुष्कळ आहेत. पांढऱ्या सालीच्या हिमालयी भूर्जाच्या एका प्रकाराला त्याचं नाव आहे. आपल्या सापकांद्याच्या प्रजातीतल्या एका हिमालयी जातीलाही आहे. काटेरी लोनिसेराच्या नावात तो फक्त नाव देणाऱ्यांच्या जागी, छोट्या अक्षरांत आहे. मला त्याची आठवण येते ती त्या झुडपापाशीच.

निवृत्तीनंतरच्या एका जुलैत मी स्पितीला गेले. किब्बर गावाच्या वर, साधारण ४२०० मीटरच्या पुढे. धाप लागत होती, दहा पावलं चालायचं आणि थांबायचं. उतारावर खुरटी, काटेरी, चेंडूसारखी गोल झुडपं विखुरलेली होती. बहुतेक कॅरागाना, पिवळ्या, वाटाण्यासारख्या फुलांची. त्यांतल्याच एकापाशी बसले आणि बघते तर फुलं पिवळी नाहीत.

झुडूप माझ्या गुडघ्याइतकं. फांद्या राखाडी, ताठ. पानं गळलेल्या फांद्यांची टोकं सुईसारखी. पानं एवढीशी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, अरुंद. आणि त्या काट्यांच्या आत, वाऱ्यापासून आणि शेळ्यांच्या तोंडापासून लपून, फिकट जांभळट गुलाबी नळीसारखी फुलं. मी चष्मा पुसला, भिंग काढलं, काट्यांतून बोटं आत घातली. एकाच देठावर दोन. पाठीला पाठ लावून.

तो भाग अभयारण्यालगतचा, त्यामुळे फांदी तोडायचा प्रश्नच नव्हता. छायाचित्रं काढली. बरोबर वही होती. बोटं गारठली होती, पेन चालेना, पेन्सिलनं लिहिलं. लोनिसेरा स्पायनोसा. खडकाळ उतार, तोंड आग्नेयेला, ओढ्याच्या डाव्या काठाच्या वर. कॅरागानाबरोबर. फुलं जांभळट गुलाबी, जोडीनं. उंची, तारीख, वेळ. ठिकाण : किब्बर.

वही मिटली, चार पावलं उतरले, आणि परत उघडली. किब्बरच्या पुढे लिहिलं : गावाच्या वरच्या अंगाला, काझा तालुका, लाहौल-स्पिती जिल्हा, हिमाचल प्रदेश; एसटी काझ्यापर्यंत.